नको म्हणण्याची रीत

देवेशने तो प्रश्न विचारला तेव्हा विनिता त्याच्या ताटात माशाचे हुमण वाढत होती.

"वहिनी, आम्ही परत जाईपर्यंत आईला पर्वरीला आमच्या फ्लॅटवर नेऊ का? तीन महिने आहोत. तुलाही जरा मोकळं होता येईल."

देवेश तिचा धाकटा दीर. गेली वीस वर्षे तो लिस्बनच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या स्वागताला उभा असतो. यंदा साठलेली रजा एकदम काढून तो बायकोसह, सुविधासह, गोव्यात आला होता. त्याच्या प्रश्नात कसलाही आडपडदा नव्हता. ताटातला वाफाळणारा भात जसा असतो तसा तो साधा आणि समोर ठेवलेला होता.

विनिताच्या आत पुष्कळ काळ उभे असलेले काहीतरी त्या क्षणी खाली बसले. पलीकडच्या खोलीत तिची सासू, देवकी, पडून होती. वयाची ऐंशी उलटलेली, साखरेने आणि गुडघ्यांनी जेरीला आणलेली. अलीकडे तिच्या दिवसाने आणि रात्रीने जागा बदलल्या होत्या. सगळे घर झोपले की देवकीची पहाट व्हायची आणि ती हाक मारायची. हाकेला उठणारी एकटी विनिता. नवरा गौरेश मुरगाव बंदरात नोकरीला, वास्कोत खोली करून राहणारा, शनिवारी संध्याकाळी डिचोलीला येणारा. सलग झोप कशी असते हे विनिता विसरली होती. लहानपणी पाहिलेल्या एखाद्या गावासारखी ती झोप आता फक्त वर्णनात उरली होती.

आणि तरी ती म्हणाली, "छे, छे, कशाला? आईंचा मला काय त्रास आहे?"

रीतच तशी होती. पहिल्या विचारण्याला होय म्हणणारे माणूस तिच्या पेडण्याच्या माहेरी हावरे ठरत असे, आणि डिचोलीच्या सासरी कोरड्या काळजाचे. पहिला नकार म्हणजे लोटून घेतलेले दार, आतून कडी न घातलेले. विचारणाऱ्याने ते पुन्हा ढकलायचे. मग थोडा मऊ नकार. मग तिसऱ्यांदा विचारणे, आणि मग पदर सावरत, जणू समोरच्यावरच उपकार करत म्हणायचे, "एवढं म्हणताय तर..." विनिताने हुमणाचे भांडे खाली ठेवले आणि ती दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत उभी राहिली.

"बरं. तुझी मर्जी," देवेश म्हणाला. "थोडा भात वाढ."

सुविधाने मान वर करून एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा जावेकडे. ती इथल्याच साखळी गावची, याच रीतीत वाढलेली. तिला काहीतरी कळले असावे. पण ती एवढेच म्हणाली, "हुमण काय झालंय, वहिनी!"

नंतर दर रविवारी ती दोघे येत राहिली. देवेश बेकरीतून केक आणी, आईच्या उशाशी बसे, तिच्याशी पोर्तुगीजमध्ये चार शब्द बोलून तिला हसवू पाही. देवकी लहानपणी पोर्तुगीज शाळेत दोन इयत्ता शिकली होती. "मास्तराची भास म्हाका सांगू नाका," ती त्याला दटावी, "त्या मास्तराचा हात अजून माझ्या कानाला आठवतो." मग निघताना देवेश विनितासमोर उभा राहून, मान किंचित लववून, मनापासून म्हणे, "थँक यू, वहिनी. मुइतु ओब्रिगादु. तू आहेस म्हणून आम्ही तिकडे निवांत असतो."

या आभारांचे काय करायचे हे विनिताला कळत नसे. या घरात कोणी कोणाचे आभार मानले नव्हते. रस्त्यात गाडीवरून सोडणाऱ्या परक्याला "देव बरें करूं" म्हणतात. घरच्या माणसाला कोण म्हणतो? देवेशचा प्रत्येक आभार म्हणजे तिला सासूच्या खाटेशी जोडणारा आणखी एक टाका होता, बारीक, सुबक, न उसवणारा.

एका शनिवारी तिने गौरेशपाशी विषय काढला. तो अंगणातल्या दगडी सोप्यावर बसून पायांचे पंजे दाबत होता.

"देवेशने विचारलं होतं. आईंना न्यायचं."

"कळलं मला. तू नको म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग झालं तर."

"झालं कसं? एकदा नको म्हटलं म्हणजे काय नको असतं? तुम्ही थोरले. सांगा त्याला परत विचारायला."

गौरेश हसला. "म्हणजे तुझ्या मनात एक, तोंडात एक, आणि मधे दुभाषी मी! बाई गे, शिकवायचं काम तुझं. तूच शिकव त्याला."

"विनोद पुरे."

"विनोद नाही. उद्या मी सांगायचं, माझ्या बायकोला आई जड झालीय? वाड्यावर तोंड कोणी दाखवायचं?"

तो जे बोलला ते खरे होते, आणि त्याच्या सोयीचेही. या दोन गोष्टी एकाच वाक्यात सुखाने नांदू शकतात हे लग्नाच्या इतक्या वर्षांत विनिताला पाठ झाले होते. ती उठून आत गेली. आत देवकी हाक मारत होतीच.

विनिताचे शिकवायचे काम म्हणजे डिचोलीच्या बाजारातला संध्याकाळचा वर्ग. खाली फोटो स्टुडिओ, वर एक लांबट खोली, खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक फळा. बाहेर जाणारी मुले-माणसे तिथे येत. कोणी लिस्बनच्या स्वयंपाकघरात निघालेले, कोणी इंग्लंडच्या गोदामात. पदवीला विनिताचा पोर्तुगीज विषय होता. तो कधी उपयोगी पडेल असे तेव्हा कोणालाच वाटले नव्हते. आता भाषा पुरी शिकायला कोणाकडे वेळ नव्हता, म्हणून ती त्यांना निदान अदब शिकवी. फळ्याच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे पोर्तुगीज. प्लीज, पुर फावोर. थँक यू: बोलणारा पुरुष असेल तर ओब्रिगादु, बाई असेल तर ओब्रिगादा. सॉरी, देश्कुल्प. पण वाट मागायची असेल तर देश्कुल्प नव्हे, कों लिसेंसा, म्हणजे परवानगी असू द्या. दिवसभर थकलेल्या तोंडांतून ते शब्द एका सुरात बाहेर पडत, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकच्या आवाजात विरून जात. कधीकधी विनिताला वाटे, आपण या माणसांना परदेशी नाणी वाटतो आहोत, चकचकीत, हलकी, आणि यांच्या खिशात जे जुने, जड, हाताच्या घामाने काळवंडलेले आहे ते काढून टाकायला सांगतो आहोत.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी वर्गात जेवणाच्या टेबलावरची अदब होती.

"समजा, तुम्हाला कोणी जेवायला बोलावलं," विनिता म्हणाली. "यजमानीण सूप पुढे करते. हवं असेल तर येस, प्लीज. सीं, पुर फावोर. नको असेल तर नो, थँक यू. नांव, ओब्रिगादु."

मागच्या खुर्चीवरून निलेशने हात वर केला. निलेश दोडामार्गचा. शिरगावच्या खाणीवर खनिजाचे टिपर चालवत वाढलेला, आता लिस्बनच्या हॉटेलात भांडी घासायला निघालेला.

"बाई, पयल्याच फटक्यात व्हय म्हणायचा?"

"हो."

"लोक काय म्हणतले? खयसून इलो हो उपाशी!"

वर्ग हसला. पुढच्या रांगेतली शीतल, जी एका वृद्धाश्रमात कामाला जाणार होती, मागे वळून म्हणाली, "तू लाज धरून बस. प्लेट तुझ्या नाकाखालून परत जाईल."

"मी नको म्हटलय तरी ती परत इचारतली मां?"

"नाही विचारणार," विनिता म्हणाली. "तिथे नको म्हणजे नको. एकदा सांगितल्यावर पुन्हा विचारणं त्यांना बरं दिसत नाही. तुमच्या शब्दावर विश्वास नाही, असं होतं ते. तुमचं ऐकून गप्प राहणं, हाच त्यांच्याकडे मान."

खडू तिच्या बोटांत थांबला.

"मग आग्रहाक थंय काय म्हणतत?" निलेशने विचारले.

विनिता फळ्याकडे वळली. तिने डाव्या रकान्यासाठी एक शब्द मनात उचलला आणि खाली ठेवला, कारण त्याला भांडणाचा वास होता. उजव्या रकान्यातला त्याचा जोडीदारही तसाच निघाला, मुठी वळलेला. रेघेच्या दोन्ही बाजू कोऱ्या राहिल्या. "उद्या सांगते," ती म्हणाली, आणि वर्ग लवकर सोडला.

बाजारातून घरी चालत येताना तिला प्रथमच देवेशचे ते "बरं" नीट ऐकू आले. इतके आठवडे ते तिला थंड वाटले होते, जबाबदारी टळल्याच्या सुटकेचे वाटले होते. त्यावर तिने राग जोपासला होता. रात्री उठताना त्या रागाचा हात धरून ती उठत असे, त्याच्या आधाराने पाणी तापवत असे. आणि आता कळत होते की त्या जेवणाच्या वेळी देवेश तिचा अपमान करत नव्हता. तो तिचा मान राखत होता, तिकडच्या टेबलावरचा मान. ती जे रोज संध्याकाळी विकत असे तेच कोणीतरी तिला घरी येऊन फुकट दिले होते, आणि तिला ते ओळखता आले नव्हते. रागाला उभे राहायला जागा उरली नाही. राग गेला आणि त्याच्याखाली जे झाकलेले होते ते उघडे पडले. तो निव्वळ थकवा होता, कोणाच्याही विरुद्ध नसलेला.

म्हणजे सांगायला हवे होते. विचारले जाण्याची वाट पाहून उपयोग नव्हता, आपणच बोलायला हवे होते. पण देवेशशी बोलण्याआधी देवकीशी. परस्पर ठरवले तर म्हातारी म्हणजे घरातले कपाट ठरेल, इथून उचलून तिथे ठेवलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवकीला खुर्चीत बसवून विनिता तिचे केस विंचरत होती. खिडकीतून ऊन येऊन म्हातारीच्या मांडीवर पडले होते. केस आता इतके विरळ झाले होते की फणीला काही काम नव्हते. पण देवकीला ते विंचरणे आवडे.

"आई, देवेशकडे राहायला जाल थोडे दिवस?"

फणीखाली डोके जरासे स्थिर झाले.

"नाका गे. हांगा म्हाका कितें उणें आसा?"

इथे मला काय कमी आहे. हा पहिला नकार. विनिता थांबली नाही. "तेही तुमचंच घर. सुविधाही म्हणत होती."

"नाका. त्यांची ती लिफ्ट, तो एसी. आमसुलासारखी वाळून जाईन मी."

दुसरा. आणि विनिताची फणी हवेतच राहिली.

सासूचे नकार तिला तांदळासारखे बोटांनी ओळखता येत. सकाळचा "च्या नाका" म्हणजे कपात साखर किती कमी घातली आहे ते विचारणे. दुपारची "पेज नाका" म्हणजे लोणचे आण. रात्रीचे "उदक नाका" म्हणजे आण, पण मी मागितले असे म्हणू नकोस. दिवसभर ती हे उलगडत असे, आणि उलगडले की निमूट करत असे. पण हा आताचा नकार कुठला हे तिला उमगेना. तिची स्वतःची इच्छा मधे येऊन उभी राहिली होती, आणि तिच्या पलीकडचे काही दिसत नव्हते.

तिसऱ्यांदा विचारले तर देवकी हो म्हणेल, हे तिला माहीत होते. तिसऱ्या आग्रहाला नाही म्हणण्याची रीतच नव्हती. नको खरे असले तरी ते तिथे मोडून पडायचे, पाहुण्याच्या पानातल्या न मागितलेल्या लाडवापुढे मोडते तसे. इतकी वर्षे ज्याला ती माया समजत आली होती त्याला आत एक धार आहे, आणि ती आपल्या हातात आहे, हे विनिताला फणी धरलेल्या हातात जाणवले. तिने तिसऱ्यांदा विचारले नाही.

"आई," ती म्हणाली, "मी थकलेय."

बाहेर कोणाच्या तरी स्कूटरचा आवाज आला आणि गेला. देवकीने मांडीवरच्या उन्हावर हात ठेवला, जणू ते सरकू नये.

"खबर आसा म्हाका," ती म्हणाली. मला ठाऊक आहे. "तुझं पाऊल ऐकते मी. आधी हलकं यायचं. आता ओढत येतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू खंय बोललीस?" देवकीच्या आवाजात थोडा जुना खट्याळपणा आला, आणि विझला. "रात्री मी हाक मारते. तू येतेस. पाणी हवं काय विचारतेस. मी नाका म्हणते. तरी तू पाणी तापवून आणतेस. मग मी पिते."

"तुम्हाला लागतं ना."

"नाका असतं गे मला. खरंच नाका असतं. कोण तरी आसा काय, तेवढंच बघायचं असतं. तू हूं म्हटलंस तरी पुरे होतं. पण तू उठून गॅस पेटवतेस. मग मी तसं कसं सांगू?"

विनिता खाटेच्या कडेवर बसली. किती रात्री, गॅसच्या निळ्या ज्योतीपुढे उभी राहून, तिने न मागितलेले पाणी तापवले होते. आणि समोरच्या बाईने न लागलेली तहान किती वेळा भागवून घेतली होती. दोघी एकमेकींना इतके जपत होत्या की दोघींचीही झोप उडाली होती. तिला हसू यायला हवे होते. ते आलेही, पण अर्ध्या वाटेत दमून बसले.

"व्हरूं दी त्याला मला, नेऊ दे. जाते मी," देवकी म्हणाली. "आवडेल असं नाही सांगत. जाते, एवढंच. पण त्याला सांगशील ते माझ्यासमोर सांग. पाठीमागून नको."

रविवारी देवेश केकचा खोका घेऊन दारात आला. तो बसेपर्यंत थांबले तर चहा होईल, चहा झाला की गोष्टी निघतील, आणि गोष्टींत आपण विरघळून जाऊ हे विनिताला माहीत होते. देवकी खुर्चीत होती. गौरेश तिच्या शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसला होता.

"देवेश, त्या दिवशी मी नको म्हणाले. ते खरं नव्हतं. आईंना घेऊन जा. मला झोप हवी आहे."

गौरेशने वर्तमानपत्र खाली केले. "अगं, आईसमोर..."

"माझ्यासमोरच," देवकी म्हणाली. "तू पेपर वाच."

देवेश केकचा खोका दोन्ही हातांत धरून तसाच उभा राहिला. सुविधा मागून म्हणाली, "मी सांगत होते की नाही तुला? गाडीत बसल्या बसल्या सांगितलं, परत विचार म्हणून. तर हा मला म्हणतो, वहिनी लहान आहे काय? तिला कळत नाही काय ती काय बोलते?"

"मला वाटलं..." देवेशने खोका टेबलावर ठेवला. "मी परत विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, तुझ्याकडून आईचं होत नाही असं मी सुचवतोय." मग त्याचा आवाज खाली आला. "वहिनी, पण आता दिवस थोडे राहिलेत. हॉटेलवाल्यांनी लवकर ये म्हटलं. मी हो म्हणून बसलो. म्हटलं, आई काही येत नाही, मग उगाच इथे राहून काय करू? पुढच्या आठवड्याच्या शेवटाला निघतोय आम्ही."

तीन महिन्यांचा तो लांबरुंद माळ विनिता इतके आठवडे मनात नुसता पाहत आली होती. तो आता घडी होऊन रुमालाएवढा झाला होता.

"सॉरी, वहिनी," देवेश म्हणाला. "खरंच सॉरी."

या शब्दाला काय उत्तर द्यायचे ते तिला दोन्ही रकान्यांतले ठाऊक होते. ती रोज मुलांकडून ते घोकून घेत असे. तिने दोन्हींपैकी एकही दिले नाही. काही नाही, असू दे, असे म्हणणे म्हणजे पुन्हा तेच दार लोटून घेणे होते.

"जेवढे आहेत तेवढे ने," ती म्हणाली. "आजच ने. मी कपडे भरते."

तिने कपडे भरले, औषधे भरली, सुविधाला सुई टोचायची जागा दाखवली. रात्री हाक मारली तर फक्त "हूं" म्हणा, पाणी तापवत बसू नका, असे सांगितले. सुविधाला ते कळले नाही. पण तिने मान हलवली. अरुंद दारातून निघताना देवकी मुलाच्या हातावर भार टाकून थांबली. दारात आड आलेल्या गौरेशकडे पाहून, शाळेतल्या मुलीच्या चिरक्या, अदबशीर आवाजात म्हणाली, "कों लिसेंसा, सिन्योर." देवेश मोठ्याने हसला. मग त्याने तोंड फिरवले आणि बराच वेळ गाडीचे दार उघडत राहिला.

गौरेश त्याच गाडीतून पर्वरीपर्यंत गेला, तिथून वास्कोची बस धरायला. घर रिकामे झाले. विनिता आतल्या खोलीत गेली आणि सासूच्या नव्हे, स्वतःच्या खाटेवर भर दुपारी आडवी झाली. झोप आली नाही. शरीर उठण्याच्या तयारीत ताणलेले होते, हाक न येण्याची त्याला भीती वाटत होती. छपरावर एक कावळा चालत होता. त्याची नखे कौलांवर वाजत होती, आणि ते वाजणे ती ऐकत राहिली.

फोन वाजला. गौरेश वास्कोला पोचला होता.

"आई पोचली. खूश दिसली. बरं झालं एका अर्थी," तो म्हणाला. "आता तू रिकामीच आहेस, तर इकडे ये दोन दिवस. खोलीची पार दशा झालीय. पडदे धुवायचे आहेत, डबे घासायचे आहेत. तेवढाच तुलाही बदल. येशील ना?"

"नाही," विनिता म्हणाली.

पलीकडे नंतर येणाऱ्या मऊपणाची तो वाट पाहत होता. आज जमणार नाही, बघते, पुढच्या आठवड्यात, असे काहीतरी. ती ते ओळखत होती. कारण ती सवय तिनेच त्याला लावली होती.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही येणार."

"बरं वाटत नाहीये काय? की आणखी काही?"

"काही नाही. फक्त नाही."

त्याने आणखी एकदा विचारले. तिने आणखी एकदा तेच सांगितले, तितक्याच आवाजात. मग दोघांनी फोन ठेवला. कावळा उडून गेला होता. विनिताने डोळे मिटले नाहीत, ते तिला जडही वाटले नाहीत. भिंतीवरचे ऊन हळूहळू वर सरकत होते. ते छतापर्यंत पोचेपर्यंत ती उठणार नव्हती, झोप आली तरी आणि नाही आली तरी.